गौराबाईची पिशवी

वास पहिल्यांदा आला तेव्हा समिधाला वाटलं, माळ्यावर उंदीर मेलाय. तिनं हर्षदला शिडी लावून वर चढवलं. त्यानं कणग्या सरकवल्या, गोणपाटं झटकली आणि शिंकत खाली उतरला. उंदीर नव्हता. वास मात्र जाईना, आणि तो एका जागी राहतही नव्हता. सकाळी चुलीपाशी असायचा, दुपारी ओटीवर, दिवेलागणीला मोरीजवळ. तो सासूबरोबर फिरतो हे समिधाच्या लक्षात यायला आठवडा लागला. लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

कारण गौराबाई म्हणजे भिवपुरीजवळच्या त्या गावातली सगळ्यात नेटकी बाई. साठी उलटली होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी लावणीतून आल्यावर ती आधी मोरीत जायची आणि मगच घोटभर चहा घ्यायची. समिधा मूळची खोपोलीची, कर्जतच्या बाहेर एका रिसॉर्टवर रिसेप्शनला बसायची. तिला कुठल्याही घाणीची पटकन शिसारी यायची. लग्न होऊन आली तेव्हा मासळीची खवलं बघूनच तिला उमासे आले होते. गौराबाईनं तिच्या हातातून विळी काढून घेतली होती, "सर तिकडं, तुला नाय जमायचं" म्हणाली होती आणि त्यावरून पुढं कधी टोमणा मारला नव्हता.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी समिधा गुरांना पेंढा काढायला मागं गेली. पेंढ्याच्या मधोमध हात घातला तर काहीतरी ओलसर लागलं. ओढलं तर जुन्या लुगड्याची फडकी निघाली, एकात एक गुंडाळलेली. काही वाळून कडक झालेली, काही अजून चिकट. त्यांच्यावर पिवळट-तपकिरी डाग होते, मधूनमधून रक्त, आणि माश्यांची पांढरी अंडी. समिधा गोठ्याच्या भिंतीला धरून ओकली. पोटात काही उरलं नाही तरी ओकतच राहिली.

मागून गौराबाई आली. तिनं ती फडकी पदरात गोळा करायला सुरुवात केली.

"आई, हे काय आहे?"

"जुनी फडकी हायेत. तू जा आत."

"रक्त आहे त्यांच्यावर."

गौराबाईनं शेवटचं फडकं उचललं. मग म्हणाली, "पाळी परत आलीया गं. जाऊन धा वर्सं झाली, आन् आता परत. गनपतीत जरा डाग लागला. मला वाटलं, उष्णता आसंल. मग मटन धुतल्यावानी पानी जायला लागलं. आता तर... माझा मलाच वास येतो. नाकाला फडकं बांधून निजते मी."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? या वयात?"

समिधाला तिच्या जवळ बसावंसं वाटत होतं, पण पाय पुढं होईना. ती दोन हात अंतरावरच उभी राहिली. गौराबाईनं ते पाहिलं आणि पदर आणखी घट्ट आवळून घेतला.

हर्षदला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. तो रसायनीला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. घरी आला की त्याच्या शर्टाला सडक्या अंड्यासारखा वास यायचा आणि तो शर्ट रोज गौराबाईच धुवायची. त्यानं सगळं ऐकलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "बायकांचं आहे, तुम्ही बघा." दुसऱ्या दिवशी त्यानं आईचं ताट आणि पेला वेगळा काढला. मग एके दिवशी म्हणाला, "आई, तू पडवीत झोपत जा. आत उकडतं." डिसेंबर लागला होता. गौराबाईनं मुकाट्यानं गोधडी उचलली.

डॉक्टरकडं जायला ती तयार होईना. तयार झाली ती तिच्या पुतण्याच्या हळदीनंतर. मांडवात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, गाणी चालली होती. गौराबाई बसली आणि तिच्या भोवती हळूहळू जागा मोकळी होत गेली. आधी एक बाई उठली, मग शेजारची सरकली. जिजा नावाची तिची जाऊ नाकाला पदर लावून मोठ्यानं म्हणाली, "मासळी कुनी आनली गं मांडवात?" दोघीतिघी हसल्या. गौराबाई न जेवता उठली. वाटेत ती समिधाला म्हणाली, "उद्या चल. कुठं न्यायचं तिथं ने."

भिसेगावच्या बाजूला एक छोटं नर्सिंग होम होतं, तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी समिधाला आत थांबवून घेतलं. टेबलावर गौराबाई पाय वर करून पडली होती आणि छताकडं बघत होती. डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढला, आणि क्षणभरात खोलीभर असा वास पसरला की आयानं खिडकी उघडली. डॉक्टरीणबाई मात्र तोंड न फिरवता बघत राहिल्या.

"पिशवीच्या तोंडातून मांसाचा लोळा बाहेर आलाय," त्या म्हणाल्या. "आतूनच वाढत आलाय. वरचा भाग कुजलाय, वास त्याचाच आहे. बाई, पोट जड वाटतं?"

"कळशी ठेवल्यावानी."

सोनोग्राफीत गाठ आली होती. साधी गाठ, असंच तिथं लिहिलेलं. हर्षद बाहेर बाकावर बसला होता, तो हे ऐकून खूश झाला. डॉक्टरीणबाई मान हलवत म्हणाल्या, "पाळी गेल्यावर साधी गाठ आक्रसते. ही तीन महिन्यांत वाढलीय. मला ठीक वाटत नाही." त्यांनी एक तुकडा काढून तपासायला पाठवला. त्यातून काही कळलं नाही, आलं ते सगळं मेलेलं मांस. "मुंबईला मोठ्या हॉस्पिटलला घेऊन जा," त्यांनी सांगितलं. हर्षद म्हणाला, "बघू." आणि चार दिवस बघतच राहिला.

पाचव्या दिवशी सकाळी गौराबाई मोरीत कोसळली. रक्ताची गुठळी मुठीएवढी, तिच्या मागं दुसरी. समिधानं तिला उचललं तेव्हा तिच्या स्वतःच्या कुर्त्यापासून चपलेपर्यंत सगळं भिजलं. शेजारच्या हिरामणचा टेंपो काढला आणि गौराबाईला मागं गोधडीवर आडवं घातलं. नर्सिंग होमला पोचेपर्यंत तिचे ओठ पांढरे पडले होते. मुंबईला नेण्याइतका वेळ नव्हता. डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या बाटल्या मागवल्या, कर्जतमधल्याच एका सर्जनला बोलावलं आणि पोट उघडलं.

दुपारी नर्सनं नातेवाइकांना आत बोलावलं. स्टीलच्या ट्रेमध्ये गौराबाईची पिशवी ठेवली होती, नारळाएवढी, पुढून चिरलेली. हर्षदनं एक नजर टाकली आणि तोंडावर हात दाबून बाहेर पळाला. समिधा भिंतीला टेकून उभी राहिली.

"साधी गाठ टणक असते. कापली की पांढरी, दोरखंडासारखी दिसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. "ही बघा."

आतलं मांस मऊ, लिबलिबीत होतं. कुठं राखाडी, कुठं काळपट, कुठं पिवळं पाणी साठलेलं. चिमट्यानं दाबलं तिथं ते फाटत गेलं. पिशवीच्या भिंतीत ते असं घुसलं होतं की भिंत कुठं संपते आणि ते कुठं सुरू होतं ते दिसत नव्हतं. समिधाच्या तोंडात आंबट पाणी आलं. तिनं ते गिळलं.

रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत, औषधाच्या पाण्यात ते सगळं घातलं. झाकणावरून चिकटपट्टी गुंडाळली. वर मार्करनं नाव लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी बरणी दोन काळ्या पिशव्यांत घालून हर्षदच्या हातात दिली. "पनवेलच्या लॅबला आजच द्या. आपण काय काढलंय हे त्यांनी सांगितलं की पुढचे उपचार ठरतील. हे फार महत्त्वाचं आहे."

हर्षदनं ती पिशवी दोन बोटांत धरली. बाइकच्या हँडलला अडकवली आणि गेला.

आठवड्याभरानं तो घरी येऊन म्हणाला, "रिपोर्ट आला. काही नाही त्यात. साधी गाठ." गौराबाईनं हात जोडले. वास गेला होता, रक्त थांबलं होतं. तिची गोधडी पुन्हा आत आली. जिजा येऊन बसली, चहा पिऊन गेली. टाके काढताना डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट मागितला तर हर्षद म्हणाला, "घरी राहिला." त्या म्हणाल्या, "निदान फोटो पाठवा. मला बघायचाय." त्यानं मान डोलावली. मग समिधानं त्याच्याकडं दोनदा मागितला. एकदा तो म्हणाला कंपनीत राहिला, एकदा म्हणाला मित्राकडं आहे.

दुसऱ्या दिवशी रिसॉर्टवर गर्दी नव्हती. समिधानं काउंटरवरूनच लॅबला फोन लावला. तिकडच्या मुलीनं नाव विचारलं, शोधलं, पुन्हा शोधलं. "गौराबाई नावानं आमच्याकडं काही आलेलंच नाही, मॅडम."

हर्षद शिफ्टवरून आला तेव्हा ती ओटीवरच उभी होती. त्यानं बूट काढले, चहा मागितला.

"लॅबला फोन केला होता मी," समिधा म्हणाली. "बरणी कुठं आहे?"

त्यानं बूट उचलून भिंतीशी ठेवले.

"टाकली."

"कुठं?"

"चौक गावाच्या अलीकडं. कोंबडीवाल्याची घाण पडते ना रस्त्याला, तिथं."

"टाकली?"

"मग काय करू? हँडलला लटकत होती. प्रत्येक खड्ड्याला आत डुचमळायची, माझ्या गुडघ्याला लागायची. मला गाडी थांबवून ओकायला लागलं. तिथं आधीच सगळं तसलंच पडलेलं होतं." त्यानं खांदे उडवले. "मांसच ना शेवटी? मांसात टाकलं."

समिधाला लग्नाच्या आठ वर्षांत त्याला कधी एकेरी हाक मारायची वेळ आली नव्हती. आता ती म्हणाली, "आणि तू आईंना सांगितलंस, काही नाही म्हणून."

"काढून टाकलंय ना सगळं? मग काय असणार? उगाच तिला घाबरवायचं. ती बरी आहे की नाही?" तो आवाज चढवून म्हणाला, "तुलाही घाण वाटत होतीच ना? तू तर गोठ्यात ओकलीस."

ते खरं होतं. तिनं त्याच्या हातांकडं पाहिलं. जाड, स्वच्छ, नखं कापलेली बोटं. त्या बोटांनी ती बरणी खाली सोडली असेल, हात लांब करून, अंगाला लागू नये म्हणून. आणि त्यानंतर घरी येऊन त्यानं त्याच बोटांनी भाकरी मोडली होती, आईनं वाढलेली.

दारात गौराबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "जाऊ दे गं," ती म्हणाली. "घानच हुती ती. टाकली तं टाकली. त्याला नको बोलू."

सकाळी समिधानं हर्षदला गाडी काढायला लावली. चौकच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला झाकीरचं चिकनचं दुकान होतं आणि त्याच्या पुढं थोड्या अंतरावर ती घाण. आसपासच्या सगळ्या दुकानांची तिथंच पडायची. ओली पिसं, पिवळे पाय, आतडी, गोणीतून बाहेर आलेली मुंडकी, आणि सगळ्यावर वळवळणाऱ्या अळ्यांचा थर. कुत्री आत घुसून ओढाओढ करत होती. हर्षदनं गाडी लांब लावली आणि रुमाल नाकाला धरला. "तिकडं कुठंतरी," तो बोट दाखवून म्हणाला. "पिंपळाच्या बाजूला."

समिधानं ओढणी तोंडाला बांधली आणि पाय आत घातला. पाय घोट्यापर्यंत रुतला. काठीनं ती उकरायला लागली, पण काठी मोडली. मग हातानं.

दुकानातून झाकीर धावत आला. मध्यमवयीन माणूस, कमरेला प्लास्टिकचा एप्रन. "अहो ताई, काय करताय? काय पडलंय तुमचं?"

"माझ्या सासूची पिशवी."

"पर्स? दागिनेबिगिने होते काय?"

"नाही. पोटातली. ऑपरेशन करून काढलेली. तपासायला द्यायची होती."

झाकीरनं रस्त्यावर रुमाल धरून उभ्या असलेल्या हर्षदकडं पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडं. "कुणी टाकली इथं?"

समिधानं पुन्हा खाली हात घातला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. आत जाऊन गमबूट, हातमोजे आणि फावडं घेऊन आला, बूट-मोजे तिला दिले आणि स्वतः तसाच उतरला. त्यानं दगड मारून कुत्री हाकलली. "पंचायतीची गाडी महिनाभर फिरकली नाय," तो म्हणाला. "रोज शिव्या घालतो मी त्यांना. पन त्यामुळं असेल तर इथंच असेल."

तो फावड्यानं वरचा थर ओढायचा, ती हातानं चाचपायची. खाली सगळं एकजीव होऊन काळं पडलेलं, आणि त्याच्या वाफा थेट डोळ्यांत जात होत्या. समिधाला दोनदा बाजूला होऊन ओकावं लागलं. झाकीरनं दोन्ही वेळा फक्त पाण्याची बाटली पुढं केली. मग काळ्या प्लास्टिकचं टोक दिसलं. पिशव्या कुत्र्यांनी फाडल्या होत्या. झाकणाला एका बाजूनं तडा गेला होता आणि अर्धं पाणी गळून गेलं होतं, पण चिकटपट्टीनं झाकण धरून ठेवलं होतं. नाव वाचता येत होतं.

"सापडली का?" रस्त्यावरून हर्षदनं विचारलं.

झाकीरनं नळीनं बरणी धुतली, पुसली, पुन्हा धुतली. दुकानातली झाकणाची बादली रिकामी करून तिच्यात ती उभी ठेवली. समिधानं हातपाय धुतले. ती बाइककडं गेली नाही. बादली घेऊन ती फाट्यापर्यंत चालत गेली आणि तिथून पनवेलची एसटी पकडली. शेजारची बाई उठून उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "काय मेलंय इथं?" कंडक्टर नाक दाबून आला, "मासळी आहे का? उतरवावं लागेल." समिधा म्हणाली, "नाही. पेशंटचं आहे." आणि बादली मांडीवर घेतली. तिला आता लाज वाटत नव्हती, ओकारीही येत नव्हती. फक्त मघाचं ते 'सापडली का' पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

लॅबच्या डॉक्टरांनी झाकण उघडून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. पाण्याबाहेर राहिलेला भाग वाया गेला होता. खालचा चालण्यासारखा होता.

रिपोर्ट आला तो डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावला. गौराबाईला कार्सिनोसार्कोमा होता, पिशवीचा एक दुर्मिळ कॅन्सर. "पिशवीच्या अस्तरातून सुरू होतो, पण त्यात दोन जातींच्या पेशी असतात, एक अस्तरासारखी, दुसरी मांसासारखी. पिशवीच्या कॅन्सरच्या शंभर बायकांत जेमतेम चार-पाच जणींना हा असतो. झपाट्यानं पसरतो. पाळी गेल्यावर एक थेंब जरी डाग लागला तरी यायला पाहिजे, ते याच्यासाठी." हा भिंतीत अर्ध्याहून जास्त आत गेला होता. "हा रिपोर्ट नसता तर आपण गाठ गेली म्हणून गप्प बसलो असतो. आणि काही महिन्यांत तो फुफ्फुसात दिसला असता."

गौराबाई म्हणाली, "मग आता?"

"आता मुंबई. आता 'बघू' नाही."

मुंबईच्या हॉस्पिटलात स्कॅन झाले. फुफ्फुसं स्वच्छ होती, पोटात एका मोठ्या रक्तवाहिनीजवळची लसिकेची गाठ सुजलेली. पुन्हा पोट उघडून तिथल्या गाठी आणि आतड्यांवरचा चरबीचा पडदा काढला. एका गाठीत कॅन्सर निघाला. मग दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून दोन औषधं, अशा सहा फेऱ्या, आणि शेवटी खालच्या बाजूनं आतून किरणांचा शेक. केस गेले, भुवया गेल्या. गौराबाई म्हणायची, तोंडात खिळा चघळल्यावानी लागतं. तळपाय बधिर झाले, बांधावर पाय टाकला तर माती कळायची नाही. समिधा तिच्याबरोबर जायची, वॉर्डात बसायची, तिचं उलटीचं भांडं धुवायची. ते करताना तिला काही वाटत नसे.

हर्षद सुट्टी काढायचा, औषधं आणायचा, स्टेशनवर सोडायला यायचा. त्याला पश्चात्ताप झाला होता का हे समिधाला कळलं नाही. तो त्याबद्दल बोलला नाही. एकदा मात्र वॉर्डातल्या कुणा नातेवाइकाला तो सांगत होता, "आमचा रिपोर्ट जरा उशिरा आला," आणि समिधा उठून जिन्यात जाऊन उभी राहिली. जेवताना त्यानं भांड्यात हात घातला की तिचा घास तोंडात फिरायचा. ती सासूच्या खोलीत झोपायला लागली.

"किती दिवस असं चालणार?" त्यानं एकदा विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. ती खरंच सांगत होती.

गौराबाईला ते दिसत होतं. एका दुपारी भाजी निवडताना ती म्हणाली, "त्यो असाच हाय गं. ल्हानपनी बोटाला शेण लागलं तरी रडायचा. त्याला सहन व्हत नाय."

"तुम्हाला त्याचा राग नाही आला?"

गौराबाईनं एक कीड लागलेलं पान बाजूला टाकलं. "मी आई हाय," ती म्हणाली. "तू नायस. तुला काय वाटायचं ते वाटू दे."

शेक संपल्यावर तीन महिन्यांनी पहिली तपासणी झाली. सगळं स्वच्छ होतं. "पहिली दोन वर्षं धोक्याची," तिथले डॉक्टर म्हणाले. "दर तीन महिन्यांनी यायचं. मध्ये खोकला, डाग, काहीही झालं तर वाट बघायची नाही." गौराबाईनं त्यांना नमस्कार केला. डोक्यावर बोटभर केस आले होते, पांढरे, उभे.

भिवपुरी स्टेशनबाहेर हर्षद बाइक घेऊन थांबला होता. कंपनीतून थेट आला होता. आई काय म्हणते ते ऐकून त्याचा चेहरा उजळला. त्यानं पेढ्यांचा पुडा आणला होता. गौराबाईनं एक पेढा घेतला. पुडा समिधापुढं आला तेव्हा तिनं नको म्हणून मान हलवली.

"बस गं, तिघं मावतो," गौराबाई म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढं."

गौराबाई मुलाच्या मागं बसली, एका हातानं त्याचा खांदा धरून. समिधा चालत घरी निघाली.